पाव्हण्याला लावलेला लाल टॅग

ज्यांनी जन्मात बास्केटबॉल हातात धरला नाही, त्यांनाच बास्केटबॉल सगळ्यात जास्त कळतो. हे मी आमच्या कंपनीच्या इन्स्पेक्शन डिपार्टमेंटमध्ये शिकलो. त्या शहाण्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

साल सत्तरच्या पुढचं कुठलंतरी. पिंपरीत आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमागे सिमेंटचं कोर्ट होतं. टीम म्हणजे फोर्ज शॉप आणि मशीन शॉपमधली सात-आठ माणसं, दहा वर्षं तीच. आजूबाजूच्या कंपन्यांची साखळी स्पर्धा दर हिवाळ्यात व्हायची. आमची टीम दर वेळी सेमीफायनलला पोचायची आणि न चुकता हरायची. माणसांची पोटं सुटली, केस गेले, पण हरण्यात काही खंड पडला नाही. आम्ही मात्र शिफ्ट सुटली की घरी न जाता कोर्टाभोवती उभे. टाळ्या तिथे वाजवायच्या आणि शिव्या परतीच्या वाटेवर घालायच्या, असा रिवाज होता.

मग एक नवा पर्सोनेल ऑफिसर आला. त्याने जाहीर केलं की टीम मुळापासून नवी बांधायची. जुन्यातले दोनच ठेवले, त्यातला एक फोर्जमधला कॅप्टन. नव्यांत तीन उंच पोरं बाहेरून आणली, एक नागपूरचा, एक मिरजेचा आणि एक परभणीचा. तिघेही टेम्पररी. बोली अशी की सहा महिने खेळा, आठ तास काम करा, साहेबाला पटलं तर परमनंटचं पत्र मिळेल, नाही पटलं तर ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. आणि बोलावणारा कोण माईचा लाल असतो, ते टेम्पररीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

परभणीचा सव्वासहा फूट होता. पॅकिंगला काम करायचा आणि काळेवाडीत आमच्या पुढच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. रविवारी बुद्धविहारात माझ्या वडलांशी त्याची ओळख झाली. वडलांनी जेवायला आणला, तो दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच आत आला. माझी धाकटी बहीण बालवाडीत शिकवायची. ती हसली नाही, तिने पाणी आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी चौकटीला वरून जुन्या गोधडीची घडी ठोकून ठेवली. एवढ्यावर आमच्या आईला काय कळायचं ते कळलं. मुलगा चांगला, शिकलेला, घर मोठं, निर्व्यसनी. वडलांनाही पसंत होता. पण त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली. ते स्वतः सात वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहून आज घेतात का नाही, याची वाट बघण्यात त्यांची उमेद गेली होती. ते म्हणाले, पोरीला ते दिवस नको. परमनंटचं पत्र दाखव, त्याच आठवड्यात विहारात तारीख धरतो. तो म्हणाला, बरोबर आहे बाबा. त्यानंतर बहीण मला मॅचच्या तारखा विचारायला लागली. ज्या पोरीला चेंडू कुठल्या टोपलीत टाकतात हे माहीत नव्हतं, तिने स्पर्धेचं वेळापत्रक पाठ केलं होतं.

पहिली मॅच आमच्याच कोर्टावर, भोसरीकडच्या एका कंपनीशी. सगळी पहिली शिफ्ट थांबली होती. आणि काय बघितलं आम्ही? कॅप्टनच्या हातात चेंडू गेला की तो बाहेर म्हणून यायचा नाही. जुने दोघं एकमेकांना पास देतात, नवे तिघं हात वर करून उभे. परभणीचा बास्केटखाली उभा, मोकळा, हात वर, आणि त्याच्याकडे कुणी बघायला तयार नाही. दहा वर्षांच्या दोस्तांना काढून आणलेली ही पोरं, त्यांना कशाला मोठं करायचं, असा सरळ हिशोब होता. तरी तो पडेल तो चेंडू उचलत होता. बोर्डावरून परत आलेला प्रत्येक चेंडू त्याच्याच हातात. आमचे निम्मे पॉइंट त्याचे. शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन पॉइंटांनी मागे होतो, त्याला दोन फ्री थ्रो मिळाले, आणि दोन्ही रिंगला लागून बाहेर गेले. मग समोरच्यांनी आणखी एक टोपली टाकली आणि पाच पॉइंटांनी आम्ही हरलो. चाळीस मिनिटं कॅप्टनने काय केलं ते कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. ते दोन फ्री थ्रो तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर कोर्ट भरलं, खेळायचं नव्हे, न्यायाचं. आम्ही आठ जण. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाला, उंची काय चाटायची आहे का, विजेचा खांबही उंच असतो. दुसरा म्हणाला, जुनी टीम निदान सेमीफायनलला तरी हरायची, ही पहिल्याच मॅचला हरली, एवढीच काय ती सुधारणा. तिसऱ्याने मिरजेच्या पोराच्या बुटांना नावं ठेवली, चौथ्याने नागपूरच्याच्या श्वासाला. मला सगळ्यांचा राग आला होता. टीमचा, कॅप्टनचा, ऑफिसरचा, आणि टेबलावरच्या या बाकी सात जणांचा तर फारच. कारण प्रत्येक जण बोलून झालं की माझ्याकडे बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

आमचं काम असं. मशीनवरून आलेला माल तपासायचा आणि तारेने त्याला पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास. पिवळा म्हणजे दुरुस्त करून परत आणा. लाल म्हणजे रिजेक्ट, भंगारात टाका. त्यावर दोष लिहायचा. आणि प्रत्येक इन्स्पेक्टरचा स्वतःच्या नंबराचा एक शिक्का असतो. शिक्का पडला की तो टॅग कागद राहत नाही, निकाल होतो. तो बदलायचा अधिकार फोरमनलासुद्धा नसतो.

त्या दिवशी कुणाला तरी हुक्की आली आणि त्याने टॅगचा गठ्ठा ओढला. कॅप्टनला पिवळा, ‘चेंडू हाताला चिकटतो, साफ करून परत पाठवा.’ मिरजेच्याला पिवळा, ‘फिरतो पण आवाज करतो.’ पर्सोनेल ऑफिसरला लाल, ‘मूळ ड्रॉइंगच चुकलेलं.’ सगळे पोट धरून हसत होते, मीही हसत होतो. मग परभणीच्याची पाळी आली. एकाने मान तिरकी करून म्हटलं, राहू द्या रे, ते घरचं पाव्हणं आहे, यांच्याकडून हिरवाच जाणार. दुसरा म्हणाला, पाव्हण्याचं माप कोण काढतो राव.

माझं डोकं सटकलं. नऊ वर्षं मी त्या टेबलावर होतो. माझ्या सख्ख्या चुलत्याच्या मशीनचा माल मी परत पाठवला होता, त्यापायी दिवाळीला त्यांनी माझ्या घरचं फराळाचं ताट हातात धरलं नव्हतं. मी कुणाचं तोंड बघून माल पास करत नाही, ही एवढीच माझी त्या कंपनीत इज्जत होती. मी लाल टॅग ओढला. लिहिलं, ‘उंची मापात. नेम मापाबाहेर. रिजेक्ट.’ आणि नऊ वर्षांच्या सवयीने हात खिशात गेला, शिक्का निघाला, टॅगवर पडला. बाकी सातांपैकी एकानेही शिक्का मारला नव्हता. ते गंमत करत होते. मी मूर्ख तेवढा काम करत होतो.

टॅग कॅन्टीनच्या नोटीस बोर्डाच्या जाळीला लटकले. दुपारभर लोक येऊन वाचून गेले. परभणीच्यानेही वाचला. हसला, ताट घेऊन माझ्याच समोर येऊन बसला आणि संध्याकाळी फ्री थ्रोची प्रॅक्टिस करणार म्हणाला. मला वाटलं, मिटलं. शिफ्ट सुटताना बघितलं तर बाकी टॅग जाळीलाच होते, फक्त माझा गेला होता. ऑफिसरवरचा लालसुद्धा तिथेच होता, त्यावर शिक्का नव्हता ना.

पंधरा दिवसांत दुसरी मॅच हरलो, मग तिसरी. वरच्या साहेबांनी ऑफिसरला विचारलं म्हणे, की ही नवी टीम बांधून आपण काय मिळवलं. हरण्याचं खापर कुणावर तरी फोडून वर दाखवायला पाहिजे होतं. सहा महिने भरत आले, नागपूर आणि मिरजेची पत्रं निघाली, परभणीच्याचं अडलं. मला पॅकिंगच्या क्लार्कने येऊन सांगितलं की फाइलमध्ये तुझा टॅग लावलाय.

मी तसाच ऑफिसरच्या केबिनमध्ये गेलो. त्याने बसायला सांगितलं, चहा मागवला. असल्या माणसाचा चहा आला की समजावं, आपलं काही खरं नाही. टॅग त्याने माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, शिक्का तुमचाच ना? मी म्हटलं, माझाच, पण ती गंमत होती साहेब, चहाच्या सुट्टीतली.

“शिक्का गमतीत मारता तुम्ही?”

तो आवाज न चढवता बोलत होता. त्याचं म्हणणं असं की त्याची काही हरकत नाही. मी लिहून द्यावं की शिक्का मी खोटा मारला, तो टॅग फाडून टाकेल आणि पोराचं नाव पुढे पाठवेल. फक्त खोटा शिक्का मारणाऱ्या माणसाच्या हातात मग शिक्का ठेवता येणार नाही, एवढं मी समजून घ्यावं. त्याने कोरा कागद सरकवला, वर पेन ठेवलं.

मी त्या कागदाकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. शिक्का गेला म्हणजे टेबल गेलं, पुन्हा मशीनवर उभं राहायचं, आणि ज्यांचा माल मी नऊ वर्षं परत पाठवला ते सगळे हसणार. चुलते तर पेढे वाटतील. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं. बहीण नव्हती, वडील नव्हते, तो सव्वासहा फुटी माणूस नव्हता. मी म्हटलं, विचार करून सांगतो साहेब. तो म्हणाला, अवश्य. चहा मी प्यायलो, तोही पूर्ण.

मी सांगायला परत गेलो नाही. महिनाअखेर परभणीच्याला ब्रेक मिळाला.

आणि पुढची मॅच हरल्यावर आमच्या टेबलावर तीच आठ तोंडं. परभणीचा होता तोवर रिबाउंड तरी आपले होते राव. बास्केटखाली कसा पहाडासारखा उभा राहायचा. कुणी काढला त्याला? अकला आहेत का या लोकांना? मी माप घ्यायचा कॅलिपर टेबलावर असा आपटला की फोरमन बघायला आला.

त्याला सोडायला मी पिंपरी स्टेशनवर गेलो. एक पत्र्याची पेटी आणि बुटांची पिशवी, एवढंच सामान. पुण्याला जाऊन तिथून परभणीची गाडी धरणार होता. वडलांनी तारखेचा विषय काढला नव्हता आणि त्यानेही नाही. मी केबिनमधली सगळी हकीकत त्याला सांगितली. कागदाची, पेनाची, चहाची. म्हटलं, शिव्या दे, दोन लगाव, मी काही बोलणार नाही. तो लोकलच्या दिशेने बघत होता. मग म्हणाला, “भाऊ, पिवळा तरी लावायचा.”

एवढंच. लोकल आली, वाकून आत गेला, पेटी वर ठेवली, खिडकीतून हात केला.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बहीण ओट्याजवळ तांदूळ निवडत होती. आईवडील बाहेर अंगणात. म्हटलं, तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं. सांगितलं. टॅग मी लिहिला, शिक्का मी मारला, कागद समोर होता तो मी लिहिला नाही. ती रडेल, ओरडेल, ताट फेकेल, असं वाटलं होतं. मला ते हवंच होतं. तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

“दादा, पहिल्या मॅचला तो खेळला कसा होता?”

तिला एकही मॅच बघायला मिळाली नव्हती. बायकांना गेटच्या आत सोडत नसत. तिने जे काही पाहिलं होतं ते माझ्या तोंडून.

“सगळ्यांत चांगला,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, तांदूळ पाण्यात घातले आणि मला विचारलं की वडील आत्ता जेवणार की थोड्या वेळाने.