पेन्सिलीचा कंस

आमच्या चर्चमधल्या मोठ्या पवित्र शास्त्रात एका उताऱ्याभोवती पेन्सिलीचा कंस होता. कुणा जुन्या पाळकांनी केलेला. बारा वर्षं रक्तस्राव सोसून, गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावणाऱ्या बाईची ती गोष्ट. उपासनेत तेवढं गाळून पुढचं वाचायचं, अशी रीतच पडली होती. वाचायची पाळी आली की मीही गाळायचे. ज्या वर्षी माझ्या अंगावरून इतकं जायचं की बाकावरून उठताना मी आधी मागे वळून पाहायचे, त्या वर्षीसुद्धा गाळलं. एक गोष्ट गाळली की तिच्याबरोबर बाकांवरच्या किती जणी गाळल्या जातात, कोण जाणे!

या रविवारी वाचायला सुमनमावशी उभ्या राहिल्या. रिटायर्ड नर्स. त्या कंसापाशी थांबल्याच नाहीत. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. बायकांच्या बाजूला माना वर झाल्या.

नंतर पाळक हळूच म्हणाले, "मावशी, तेवढं सोडतो ना आपण?"

"त्या बाईनं भर गर्दीत येशूला सगळं सांगितलं, साहेब. आणि आपण चर्चमध्ये लाजायचं?"

शास्त्र मिटायला मी गेले. मिटलं तेव्हा कंस पुसून टाकलेला होता. दोन पानांच्या फटीत खोडरबराचा चुरा साचला होता.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. खोडरबर माझ्या पर्समध्ये कायम असतं.