ती कायम, मी तासिकेवर

मुलाखतीला आम्ही दोघी एकाच रिक्षातून गेलो होतो. मी इंदिरानगरची, ती दोन गल्ल्या पलीकडची. एमएस्सीला आम्ही एकाच टेबलावर प्रयोग केले होते आणि खरं सांगायचं तर प्रयोगात हात माझा चांगला होता. कॉलेजात रसायनशास्त्राची जागा मात्र एकच होती. निवड तिची झाली. मी तिला पेढा भरवला आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

पुढच्या वर्षी भरती निघेल म्हणून थांबले. भरती निघालीच नाही. माणसं निवृत्त होत गेली, जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्यांच्या वर्गांवर आमच्यासारख्यांना तासिका तत्त्वावर घेतलं गेलं. म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, जूनमध्ये नवी ऑर्डर, आणि वर्ष संपलं की नेमणूकही संपली. अशी मी तिच्याच विभागात, तिच्याच हाताखाली आले.

मला तिच्या कपाटाचा हेवा वाटायचा. त्याला किल्ली होती. माझी पर्स प्रयोगशाळेच्या खिडकीत असायची. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि भरल्या अंगानं परत आली, तेव्हा तिची खुर्ची तिथंच होती. माझ्या वेळी माझे तास दुसरीला दिले गेले आणि ते परत मिळेपर्यंत माझं मूल रांगायला लागलं होतं. डबा खाताना ती सहज म्हणायची, "अगं, यंदा पगार उशिरा झाला बघ," आणि माझ्या तोंडातल्या घासाची चव जायची. तिला ते कधी कळलं नाही, असं मी समजत होते.

मग एके दिवशी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीची आई विभागात आली. घोटीच्या पुढच्या एका गावातली शेतकरीण. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आमच्या हिरीचं पाणी हाय. भाताचं रोप जळून चाललंय. पोरांच्या अंगाला लय खाज सुटती. काय हाय यात, ते सांगा."

गावाच्या वरच्या अंगाला भांड्यांना, नळांना मुलामा देणारा एक कारखाना होता. आम्ही दोघी रविवारी जाऊन नाल्याचं पाणी घेऊन आलो. कारखान्याच्या वरचं वेगळं, खालचं वेगळं, विहिरींचं वेगळं. तपासणी मी केली. अभिकारकाचे थेंब टाकल्यावर वरच्या नाल्याचं पाणी होतं तसंच राहिलं, खालचं आणि विहिरींचं जांभळंशार झालं. क्रोमियम, मुलाम्यात वापरतात ते विषारी. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग तिला हाक मारली. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"तुझा हात अजून तसाच आहे," ती म्हणाली.

कारखान्याचा मालक आमच्या संस्थेच्या संचालकांपैकी एक आहे, हे आम्हाला प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा कळलं.

"मॅडम, हे कॉलेजच्या नावानं बाहेर जायला नको," ते तिला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. "संस्थेला अडचण होईल."

"सर, पाणी गावातली मुलं पितात," ती म्हणाली. "मी माझ्या सहीनं अहवाल देणार आहे."

मी हातातली तपासणीची वही मिटून घेतली. बाहेर आल्यावर ती मला जिन्यापाशी घेऊन गेली.

"तुझं नाव मी घालत नाही."

"तपासणी मी केली आहे."

"म्हणूनच म्हणते. जूनमध्ये तुझी ऑर्डर निघायची आहे. मला फार तर छळतील."

ती माझ्या भल्याचंच बोलत होती आणि मला तिच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, तिच्या पगाराचा हेवा वाटतो, रजांचा वाटतो. त्या जिन्यात कळलं, खरा हेवा वेगळाच होता. "मी माझ्या सहीनं देणार आहे" हे वाक्य तिला बोलता येत होतं.

तिनं अहवाल ग्रामपंचायतीला आणि प्रदूषणाच्या सरकारी कार्यालयाला दिला. आठवड्याभरात तिला कारणे दाखवा नोटीस आली. परीक्षेचं काम काढून घेतलं, चौकशी बसली. ती रोज नीट इस्त्रीची साडी नेसून यायची, तास घ्यायची, चौकशीला जाऊन उत्तरं द्यायची. वजन मात्र उतरलं होतं. एकदा प्रयोगशाळेत माझा हात धरून म्हणाली, "भीती वाटते गं." तरी तिला काढता येईना. सरकारी माणसं येऊन स्वतः नमुने घेऊन गेली, त्यांनाही तेच सापडलं. कारखान्याला नाल्यात पाणी सोडणं बंद करावं लागलं, गावात टँकर सुरू झाला आणि चौकशी विरून गेली.

गावानं तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हलगी. मी बायकांमध्ये सतरंजीवर बसले होते. त्या मुलीची आई माझ्या शेजारी येऊन टेकली.

"तुम्ही बी मॅडम, त्या बी मॅडम. पाणी न्यायला दोघी आलत्या. मंग तुम्ही हितं खाली का?"

मी हळू आवाजात सांगितलं. "त्यांची जागा सरकारनं मंजूर केलेली आहे, पगार सरकार देतं. निवडीला विद्यापीठाची माणसं बसली होती, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता आहे. संस्था फक्त कॉलेज चालवते. त्यांना काढायचं तर संस्थेला गुन्हा दाखवावा लागतो, चौकशी करावी लागते, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. राग आला म्हणून काढता येत नाही."

"आन् तुम्हाला?"

"मला काढावं लागतच नाही. जूनमध्ये बोलावलं नाही की झालं."

ती स्टेजकडे बघत म्हणाली, "म्हंजी तुम्ही खरं बोलायचं झालं तर पंचाईतच हाय."

तेवढ्यात माझी मैत्रीण माइकवर म्हणाली, "हे काम माझ्या एकटीचं नाही." आणि थांबली. पुढं नाव घेता येत नव्हतं, कारण समोर पहिल्या रांगेत प्राचार्य बसले होते. लोकांना तो तिचा विनय वाटला. टाळ्या वाढल्या. मीही वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये मी तिला एकदाचं सांगून टाकलं. "मला तुझा हेवा वाटतो. फार वाटतो."

"माहितीये मला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मी तुझ्याशी बोललेही नसते."

दोघींना हसू आलं, पण त्यानं माझं काही हलकं झालं नाही. आता ती विभागप्रमुख आहे. रिकाम्या जागा भरा म्हणून दर वर्षी विद्यापीठाकडे आणि मंत्रालयाकडे पाठपुरावा करते. उत्तर येत नाही. यंदाही मी ऑर्डर घेतली, सही केली, आणि ती शेजारच्या वर्गात शिकवत होती तिकडं कान देत माझ्या वर्गात शिरले.