सुतकातली पुडी

"तुमच्या रक्तात फिनोबार्बिटोन आहे. कोण देतंय तुम्हाला?"

मिरजेच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी मला हे विचारलं. मी म्हणाले, "मी इंग्रजी औषध घेतच नाही. फक्त आयुर्वेदिक पुडी." डॉक्टर हसले नाहीत. खरं तर हसायला हवं होतं, कारण मी इस्लामपुरात ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते.

फिनोबार्बिटोन म्हणजे फिट थांबवणारं आणि गुंगी आणणारं, शंभर वर्षांहून जुनं औषध. ते बार्बिट्युरिक ॲसिडच्या घराण्यातलं. नुसत्या त्या ॲसिडने डोळाही जड होत नाही, पण त्याच्या एका ठरावीक कार्बनवर अणूंचे दोन गट बसवले की माणूस पेंगायला लागतो. एम.एस्सी.ला ही आकृती काढून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आणि तेच औषध चौदा महिने मधात कालवून, जडीबुटी समजून चाटत होते.

मला पंचविसाव्या वर्षी फिट येऊ लागल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. फिट बऱ्याच कमी झाल्या, तरी मधूनच एखादी यायची. मग आप्पा मध्ये पडले. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला जवान समजणारे. "इंग्रजी गोळ्या लय गरम असत्यात," ते म्हणाले. "माण तालुक्यात एक वैद्यबुवा हाय, एकदम जडीबुटी. आन् मेडिकलवाल्याला कळलं की गावाला कळलं. पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

शेवटचं वाक्य हेच खरं कारण होतं, आणि मला ते पटलं. माझी लायकी ही एवढीच.

गोळ्या बंद करून मी बुवांची पुडी सुरू केली. तिला पथ्यं होती. वांगं नाही, ताक नाही, आणि सुतक आलं तर पुडीला हात लावायचा नाही, नाहीतर म्हणे गुण जातो. फिट मात्र थांबल्या. फळ्यावर लिहिता लिहिता माझे डोळे मिटायचे, मुलं फिदीफिदी हसायची. आप्पा म्हणायचे, "बघ, डोकं कसं शांत झालंय." डोकं शांत झालं नव्हतं, बंद पडलं होतं.

मग मुंबईत आमचे एक चुलत आजोबा वारले. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनाही माझा पत्ता नसावा. पण भावकी एक, म्हणून दहा दिवस सुतक आणि दहा दिवस पुडी बंद. आईने डबा माळ्यावर ठेवला. तिसऱ्या दिवसापासून माझे हात थरथरू लागले, झोप उडाली, दरदरून घाम सुटला. घाबरून आईने आप्पांना विचारलं.

"अंगातली घाण भाईर पडतीय. पडू दे," आप्पा म्हणाले.

सातव्या दिवशी दुपारी फिट आली ती थांबेचना. याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. एका झटक्यातून शुद्ध येण्याआधीच दुसरा येतो. यात माणूस जातो. मला मिरजेपर्यंतचं काहीच आठवत नाही. आई सांगते, गाडीत ती मला कुशीवर धरून बसली होती आणि आप्पा पुढच्या सीटवरून नजर कुणाची लागली याचा शोध घेत होते.

दवाखान्यात आधी रक्त घेतलं. पहिल्या इंजेक्शनाने फिट थांबली नाही. थांबली ती फिनोबार्बिटोनच्याच इंजेक्शनाने, पण मोजून दिलेल्या, श्वासावर लक्ष ठेवून दिलेल्या. "औषध खोटं नाही," डॉक्टर म्हणाले. "लपवून देणारा खोटा. आणि हे एकदम तोडायचं नसतं. मेंदूला त्याची सवय झालेली असते."

आप्पा भेटायला आले तेव्हा मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो समजून घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे बुवाच्या पुडीत पॉवर हाय, ह्ये तर सिद्ध झालं न्हवं!"

मी भिंतीकडे तोंड केलं.

तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर रागाने ती फेकून देऊ नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा. मला दुसरी गोळी सुरू करून हे औषध कित्येक महिने थेंबाथेंबाने कमी करावं लागलं. लग्नाचं म्हणाल तर पाहायला येणाऱ्यांना मी आता पोह्यांबरोबरच गोळीचंही सांगते. दोन स्थळं पोहे संपवून गेली. गेली ते बरं झालं.

गेल्या महिन्यात भावकीतली एक म्हातारी गेली. सकाळी सगळे आमच्या सोप्यात बसले होते. आई माझी गोळी आणि तांब्या घेऊन सगळ्यांच्या मधून आली.

"सुतक हाय, इसरलीस काय?" आप्पा म्हणाले.

तीस वर्षांत आईने त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सुतक तुमी पाळा, भावजी. माझी पोर जित्ती हाय."

मी सगळ्यांदेखत गोळी गिळली आणि तांब्यातलं पाणी सावकाश प्यायले.