दोष नसलेली वही

दोन छोट्या विमानांच्या कंपनीत मिस्त्रीकाका बावीस वर्षं इंजिनं दुरुस्त करत होते. एकदा त्यांनी प्रामाणिकपणे तेलगळती नोंदवली, तर तपासनिसाने विमान तीन महिने उडूच दिलं नाही. तेव्हापासून काका दोष दुरुस्त करत, पण देखभालीच्या वहीत लिहीत नसत.

आज नव्या तपासनीस बाईंनी वही चाळली. "काका, वर्षभरात तुमचं एकही विमान साधं शिंकलंही नाही?"

"जपतो आम्ही, बाई."

"दुरुस्त करून लिहिलेल्या दोषासाठी विमान अडवणार नाही. लपवलेल्यासाठी मात्र परवानाच काढून घेईन."

गोड बोलून गळा कापणारे काकांनी पुष्कळ पाहिले होते. "हे आधी लिहून द्या."

बाईंनी लिहून सही केली. काकांनी कागद दोनदा वाचला, मगच कालच बदललेली ब्रेकची नळी वहीत नोंदवली.