भात्यामागची मावशी

आमची मावशी आठवडाभर लोकांच्या चाकांत हवा भरायची आणि रविवारी देवाच्या घरात. पंक्चरचं दुकान तिचं स्वतःचं. चर्चमधल्या जुन्या ऑर्गनचा भाता मात्र लग्नासोबत पदरात पडला. काका ऑर्गन वाजवायचे. मागे लाकडी आडोशाआड उभं राहून कुणीतरी दांडा वरखाली केला, तरच त्या ऑर्गनच्या नळ्यांना वारा मिळायचा. ते कुणीतरी म्हणजे मावशी. तिथून तिला ना काका दिसायचे, ना पाळक, ना माणसं. काकांनी टाचेने फळीवर एकदा ठोकलं की सुरू, दोनदा ठोकलं की बंद. त्यांच्या संसाराचं निम्मं बोलणं याच भाषेत चालायचं. घरी जेवतानाही वाढणं पुरे झालं की काका दोनदा ठोकायचे.

मग एका सकाळी मोजे घालता घालता काका कलंडले. अर्धांगवायू. डावा हात गेला, डावा पाय फरफटायला लागला, जीभ जड झाली. त्या जड जिभेने ते एकच गोष्ट मागायचे, "रविवारी मी वाजवीन. उजवा आहे ना."

मावशी मागायची नाही. ती भांडायची. दुकानाचं शटर वर ढकलताना तिची प्रार्थना सुरू व्हायची, आणि ती शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जायची. "उठलास? मीपण उठले. त्यांना आंघोळ घालताना तुझं नाव घेतलं. कसं घेतलं ते विचारू नकोस."

काका दुकानातल्या खुर्चीतून म्हणायचे, "जाऊ दे गं."

हे 'जाऊ दे' तिला आजारापेक्षा जास्त झोंबायचं. "एकदा तरी ओरडा हो. तुमच्या वाटचंही मीच भांडू का?"

पाळक आणि खजिनदार भेटायला आले ते थेट दुकानातच. मावशी पाण्याच्या टपात ट्यूब दाबून भोक शोधत होती.

"देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो, ताई," पाळक म्हणाले.

"परीक्षा घ्यायची तर आधी शिकवायचं असतं. एका हाताने सदऱ्याची बटणं कशी लावायची, हे शिकवलं होतं त्याने यांना?"

"विश्वास ढळू देऊ नका."

"ढळलाय कुणाचा? नसलेल्याशी कुणी रोज भांडतं का?"

खजिनदाराने घसा खाकरला. हा माणूस खाकरला की समजायचं, निर्णय आधीच झालेला आहे. "कमिटीने इलेक्ट्रिक पेटी घेतलीये, ताई. सगळी गीतं आत भरलेली, बटण दाबलं की झालं. भाऊंनी आता आराम करावा. एका हाताची उपासना बरी दिसत नाही."

भाऊ म्हणजे काका. ते तिथेच हातभर अंतरावर बसले होते, आणि हे दोघं बोलत होते जणू कोपऱ्यात जुना टायर पडलाय आणि तो कुणी उचलायचा एवढाच प्रश्न आहे.

"बघायचं कशाला? ऐकायचं असतं ते," मावशी म्हणाली.

"नजर प्रभूवर ठेवा, ताई," पाळक घाईघाईने म्हणाले.

"तिथेच ठेवलीये. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यावरून नजर काढायची नसते. काढली की तो निसटतो." ट्यूबमधून बुडबुडे आले. तिने भोकावर अंगठा दाबला आणि दोघांकडे न बघता म्हणाली, "या आता."

रविवारी मी काकांना तिसऱ्या बाकावर बसवलं. मावशी शेजारी बसेना. "माझ्या जागेवरून मला कुणी काढलेलं नाही," म्हणाली आणि तरातरा आडोशामागे गेली.

पेटी ठेवायला खजिनदाराला जागा सापडेना. वायर पोहोचत होती ती ऑर्गनपर्यंतच. ऑर्गनला झाकण नव्हतं, म्हणून त्याने पेटी सरळ पट्ट्यांवरच ठेवली. वाजवणारा नाही म्हणजे वारा नाही, वारा नाही म्हणजे आवाज नाही, असा त्याचा हिशेब. बटण दाबलं, पहिलं गीत सुरू झालं, आणि बाकावर बसल्या बसल्या काकांची उजवी टाच सवयीने जमिनीच्या फळीवर आपटली. एकदा.

आडोशामागे मावशीने दांडा दाबला.

पेटीखाली दबलेल्या सगळ्या पट्ट्या एकदम बोलल्या. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्यांनी एका वेळी हॉर्न दाबावेत, तसा आवाज. काचा थरथरल्या. पाळकांच्या हातातलं पुस्तक पडलं. आणि तो आवाज थांबेना, उलट वाढतच गेला. खजिनदार मागे धावला, त्याच्या मागे मी.

मावशी घामाने निथळत दांडा मारत होती. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका सुखी पाहिला नव्हता.

"थांबा, बाई, थांबा."

"दोनदा ठोकलेलं नाही अजून."

"कोण वाजवतंय असं वाटतंय तुम्हाला?"

"हे. अखेर चिडले एकदाचे. ओरडू दे त्यांना पोटभर."

"मावशी," मी म्हणाले, "काका बाकावर आहेत. यांनी पट्ट्यांवर पेटी ठेवलीये."

तिचे हात थांबले. आवाज कण्हत कण्हत खाली बसला. तिचा चेहरा मात्र एका क्षणात विझला. "पट्ट्यांवर?" तिने खजिनदाराला हळू आवाजात विचारलं. "त्यांच्या पट्ट्यांवर?"

भर उपासनेत ती पहिल्यांदाच आडोशाच्या पुढे आली. काका तिथे आधीच पोहोचले होते. पाय ओढत, उजव्या हाताने पेटी ढकलत होते, आणि तीनचार बाकांवरची धडधाकट माणसं बघत होती.

"उचला ही," काका म्हणाले. जीभ जडच होती, पण शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेले. 'जाऊ दे' म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

खजिनदाराने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी पुढे येऊन स्वतः पेटी उचलली.

मावशी मागे गेली. टाच वाजली.

एका हाताचं गीत बारीक निघालं. डाव्या हाताचे सूर जिथे यायचे, तिथे काका थांबायचे, तेवढी जागा रिकामी सोडायचे आणि मगच पुढे जायचे. त्या रिकाम्या जागांत लोक अडखळले. काही गायले, काहींनी तोंडं मिटून घेतली, खजिनदार बायकोला घेऊन बाहेर पडला. दोनदा चुकलं. काकांनी ते कडवं पुन्हा घेतलं. शेवटी दोनदा टाच वाजली.

घरी येताना काका म्हणाले, "अर्धंच झालं."

"हो. उरलेलं अर्धं त्याच्याकडे मागितलं होतं मी. दिलं नाही." काकांच्या बुटाची नाडी सुटली होती. मावशी भर रस्त्यात खाली बसली आणि गाठ करकचून आवळली. "पुढच्या रविवारी परत मागते. जातोय कुठे तो."