होबार्टच्या कचेरीत आलेली दोन नावं

नोरीन हॅगर्टला लोकांच्या मार्कशिटा वाचायची खोड होती. खोडच म्हणते मी. काम म्हणून वाचणारे आम्ही बाकीचे. ऑस्ट्रेलियात होबार्टला विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. कंप्युटर सायन्सच्या मास्टर्सला कुठूनही अर्ज येवो, तिथले मास्तर मार्क देताना हात सैल सोडतात की आखडता घेतात, हे शोधल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. माझाही गार व्हायचा.

एकदा सामोआतून अर्ज आला. पदवी सेफो तानिएलूची, अर्ज मात्र लेओटा सेफोचा. शिवाय तीन वर्षं सगळीकडे 'ए', आणि शेवटच्या सत्रात एकदम दोन 'सी'.

"मार्क एकाचे, अर्ज दुसऱ्याचा," आमचा साहेब ग्रेडन म्हणाला. "तोतया आहे. फाइल बंद कर."

"फोन तर करू दे!" नोरीन म्हणाली.

तिने स्पीकर लावला. पलीकडे एक बाई बोलली.

"सेफो आहे का?"

"या घरात आता सेफो कुणी नाही."

"झालं समाधान?" ग्रेडन पुटपुटला. मलाही तेच वाटलं. नोरीन मात्र एका शब्दाला चिकटली.

"आता नाही? म्हणजे आधी होता?"

"होता की! माझाच पोरगा. सप्टेंबरात त्याचे काका गेले, आणि सगळ्यांनी त्याला मताई केलं, घराण्याचा प्रमुख. लेओटा हे त्या गादीचं नाव. आता मीसुद्धा सेफो म्हणत नाही, गाव हसेल ना!"

नोरीनचं बोट त्या दोन 'सी'वर गेलं. "सप्टेंबरनंतर अभ्यास कसा चालला होता त्याचा?"

"कसला अभ्यास? कुणाचं भांडण, कुणाची मयत, सगळीकडे तोच. पहाटे पुस्तक उघडायचा आणि त्यावरच झोपायचा."

नाव बदलल्याचा सरकारी कागद नोरीनने मागवून घेतला. शेऱ्यात लिहिलं: माणूस एकच, पहिल्या तीन वर्षांचे मार्क धरावेत. ग्रेडनने तोंड वाकडं करून सही केली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की त्या दिवशीचा चहा मीच करून आणला.

प्रवेशाची बातमी द्यायला तिने स्वतः फोन केला. पुन्हा आईच होती.

"चांगलं झालं हो, बाई," ती म्हणाली. "सेफोला हवं तितकं शिकवा. पण लेओटाला तिकडे ठेवून घेऊ नका."