डी ड्राइव्हमधली सहाशे घरं

तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा मालक कोण, हा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारला आहे का?

मी विचारला होता. त्याचा परिणाम म्हणून माझ्या दादाच्या लग्नात शेवटच्या पंगतीला वरण संपलं.

आमचं घर अकोल्याबाहेर, बाळापूर रस्त्याला. शेवंती, झेंडू आणि मधल्या सरींत कोथिंबीर, हा आमचा धंदा. मी अमरावतीला शिकते आणि शनिवारी घरी येते. आईचे वडील प्रत्येक मोर्चात असायचे. त्यांनी मागे पत्रकांनी भरलेली एक पेटी ठेवली आणि माझी अक्षरओळख त्या पेटीतच झाली. त्यामुळे साधी चिठ्ठी लिहितानाही शेवटी 'जागे व्हा' असं लिहावंसं वाटतं. (दूधवाल्याच्या चिठ्ठीत एकदा लिहिलंही. तेव्हापासून तो लवकर येतो.)

अशा मुलीला अमरावतीच्या मैत्रिणीनं विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सबद्दल सांगितलं. कोणा एकाच्या मालकीचं नाही. कोणीही घ्या, उघडून पाहा, बदला, वाटा. मला वाटलं, ही तर आजोबांची पेटी आहे, फक्त कीबोर्ड लावलेली.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. पेन ड्राइव्हवर घेऊन ते कॉम्प्युटरला धक्का न लावता चालवून पाहता येतात. मी आईला पेन ड्राइव्ह मागितला. तिनं देवघरातल्या डब्यातून काढून दिला.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"काय मालूम. तुह्या बाबानं ठेवून देल्ला होता."

मी तो पुसला. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

पुढचे चार शनिवार मी तुलना केली. वहीत रकाने आखले: नाव, वायफाय, मराठी टायपिंग आणि जनतेचं मत. जनता म्हणजे आई.

उबंटू लावलं. आई म्हणाली, "रंग वांग्याचा हाये."

फेडोरा लावलं. "हे निळं हाये. पयलेचंबी निळंच होतं. मंग बदललं काय?"

या प्रश्नावर मी तिला वीस मिनिटं उत्तर दिलं. तेवढ्यात तिच्या दोन परड्या शेवंती निवडून झाली.

तिसऱ्या शनिवारी आर्च लावलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि थांबली. आई उठली, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंखा तं चालू हाये. याचीच लाइन गेली काय?"

चौथं मिंट. "हे बरं हाये. हिरवं हाये, वावरासारखं."

मिंट निवडून आलं. बाबांनी मतदान केलं नाही. ते म्हणाले, "कोणतंबी लाव. फक्त माह्या यादीले हात लावू नको."

आता या यादीबद्दल. दादाचं लग्न बावीस दिवसांवर होतं. बाबांनी दोन महिने एका बोटानं टाइप करून पाहुण्यांची यादी केली होती. कीबोर्डची मधली ओळ झेंडूनं पिवळी झाली होती. सहाशे घरं, गाववार. अकोट, बाळापूर, धामणगाव, सगळं. घराचं नाव, नातं, पत्रिका कोणी द्यायची, आणि त्यांच्याकडच्या लग्नात आपल्याला कितव्या पंगतीला बसवलं होतं, हेही. शेवटी नऊ ओळी लाल होत्या. ती माणसं बोलवायची नव्हती.

"मग लिहिली कशाला?" मी विचारलं होतं.

"भुलून बोलावनं होऊ नये म्हणून. अन् त्यायचं नाव मी तोंडानं घेत नाई."

मी त्या ओळींना सरंजामी म्हटलं. वाचल्या मात्र नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी मी एक पत्रक छापून फ्रिजवर चिकटवलं. 'आज आपला कॉम्प्युटर स्वतंत्र होत आहे. प्रत्येकानं आपलं महत्त्वाचं काम डी ड्राइव्हमध्ये ठेवावं. जागे व्हा.'

डी ड्राइव्हवर आमच्या घराची श्रद्धा आहे. दरवर्षी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा यायचा, सी पुसायचा, विंडोज नवी टाकायचा, आणि डी जशीच्या तशी राहायची. धान्य कोठीत तसं आमचं सगळं डीमध्ये. दादानं फोनमधले साखरपुड्याचे फोटोही डीमध्ये आणून ठेवले आणि फोन रिकामा केला.

मिंटनं मला विचारलं: विंडोजच्या शेजारी बसू, की सगळी डिस्क पुसून बसू?

शेजारी? मालकाच्या ओसरीवर स्वातंत्र्य? मी पुसून बस म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की का. मी पुन्हा हो म्हणाले. यात मिंटचा काही दोष नाही. इतक्या नम्रपणे मला आजवर कोणी दोनदा विचारलं नव्हतं.

अर्ध्या तासात हिरवा कॉम्प्युटर तयार झाला. बाबा हात धुऊन आले, खुर्चीवर बसले.

"झालं काय?"

"झालं. आता आपण कोणाचे गुलाम नाही."

"बरं. डी कुठी हाये?"

मी शोधलं. मग मी सावकाश शोधलं. सी आणि डी या दोन कोठ्या नसून एकाच कोठीतली मधली भिंत आहे, हे मला वाचून माहीत होतं. मी डिस्क पुसायला सांगितली होती. डिस्क म्हणजे कोठी.

"बाबा," मी म्हणाले, "डी नाही."

बाबा चिडले नाहीत. तेच भयंकर होतं. ते म्हणाले, "काही हरकत नाई. म्या एक कॉपी पेन ड्राइव्हमधी घेऊन ठेवली होती. देवघरात, डब्यात."

आई माझ्याकडे पाहू लागली. मी कॉम्प्युटरला लावलेल्या पेन ड्राइव्हकडे पाहू लागले.

"हा काय वं मंजू?" बाबा म्हणाले.

दादानं एकच प्रश्न विचारला: "फोटोबी गेले?" आणि तो शेतात निघून गेला.

सातशे पत्रिका छापून कोपऱ्यात पडल्या होत्या. कोणाला द्यायच्या, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे एक घर सुटलं तर त्याची आठवण तीन पिढ्या काढली जाते. बाबांनी आठवून आठवून तीनशे घरं सांगितली, मी लिहिली. मग ते थकले.

"तू पुसली, तूच लिहून आन," ते म्हणाले. "पत्रिका घेऊन एसटीनं जाय. गावोगाव इचार, आपले कोन कोन हायेत."

मी गेले. ही पद्धत कोणी वापरणार असेल तर सांगते: 'आमचे नातेवाईक कोण?' असं वऱ्हाडात विचारू नये. बाळापूरला एका आजोबांनी गल्ली संपेपर्यंत घरं मोजून दाखवली. धामणगावला रेल्वे फाटकापाशी चहावाला म्हणाला, "माह्या साळ्याची बायको तुमच्याच गावची होय ना. लिहा मले." मी लिहिलं. माणूस माणसाला नाकारत नाही, हे पाहून मला भरून आलं होतं. यादी सातशे ऐंशीवर गेली.

अकोटला कोणीतरी एका घराकडे बोट दाखवलं. "वसंतभाऊ. तुह्या बाबाचे सख्खे मामेभाऊ."

सख्खे मामेभाऊ, आणि बाबांनी नाव घेतलं नव्हतं. मला वाटलं, थकले, म्हणून विसरले.

वसंतकाकांनी पत्रिका हातात घेतली, पण उघडली नाही.

"कोनाची वं तू?"

"अकोल्याच्या रामभाऊंची. फुलवाल्यांची."

"बापानं पाठवलं?"

"हो. म्हणाले, सगळी घरं तूच कर."

"सगळी म्हनला?"

"सगळी."

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग आत तोंड करून म्हणाले, "सुमन, चहा ठेव. साखर जास्त टाक."

घरी येऊन मी वही वाचून दाखवली. अकोटच्या पानावर बाबांनी हात वर केला.

"वसंताले देल्ली?"

"हो. फार प्रेमानं बोलले."

"तो पयली लाल ओळ होता," बाबा म्हणाले.

कारण असं, की अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाबांच्या लग्नात वसंतकाकांच्या वडिलांना पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं होतं आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद होतं. पुढे वही तपासली, तेव्हा नऊ लाल ओळींपैकी सात मी स्वतःच्या हातानं बोलावून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वसंतकाका स्वतः आले. काखेत एक जाड, पुठ्ठा निघालेली वही. "तुह्या पोरीनं सांगतलं, यादी पुसली," ते म्हणाले. "माह्या पोरीच्या लग्नाची हाये ही. मामाकडची सगळी घरं हायेत हिच्यात."

बाबांनी वही उघडली. पहिल्याच पानावर बाबांचं नाव होतं. लाल पेनानं.

आई कोथिंबिरीची एकच जुडी तिसऱ्यांदा बांधत होती.

"अक्षर बरं हाये तुह्यं अजून," बाबा म्हणाले.

"तुह्यं बोट कसं हाये? आयकलं, एका बोटानं टाइप करून राह्यला होता."

मग दोघं जेवेपर्यंत बसले आणि कोण कोणाचा जावई यावर भांडत, माझ्याकडून सुटलेली दीडशे घरं माझ्या वहीत आणली. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या.

लग्नाला सगळे आले. सातही लाल ओळी आल्या. चहावाला साळ्यासकट आला. वसंतकाका पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसले आणि बाबांनी स्वतः वाढलं. मी वाढता वाढता शेवटच्या पंगतीला बसले. माझ्या पानात भात होता. माणूस माणसाला नाकारत नाही, हा सिद्धांतही होता. वरण नव्हतं.

मिंट अजून आहे, चांगलं चालतं. नवी यादी बाबांनी त्यातच टाइप केली, एक प्रत दादाच्या फोनवर आहे आणि एक अकोटला, पुठ्ठा निघालेल्या वहीत. लाल ओळी मात्र कोणाला आठवल्या नाहीत.

तेव्हा एक विनंती. आजच उठा आणि तुमचं महत्त्वाचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवून या. आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये लाल ओळींची यादी असेल, तर प्रत काढू नका. मला बोलवा. मी फक्त लिनक्स लावायला येईन.